शिवरानीची एवजी

लेबर कोर्टाचा एक कायदा मला फार आवडतो. त्या कोर्टात वकिलाला आपल्या मनाने उभं राहता येत नाही. समोरच्या पक्षाने 'आमची हरकत नाही' असं लिहून दिलं आणि जजसाहेबांनी मान डोलावली, तरच वकील. नाहीतर काळा कोट घडी करा आणि व्हरांड्यात शेंगदाणे खात बसा. गरीब कामगारासमोर मालकाने नामांकित वकिलांची फौज आणू नये, म्हणून केलेली ही सोय. हायकोर्टात डरकाळ्या फोडणारे भलेभले आमच्या त्या दोन खोल्यांच्या कोर्टातून तोंड पाडून परत गेलेले मी पाहिले आहेत.

मी मात्र तिथे वर्षानुवर्षं उभी राहिले, आणि तेही मालकाच्या बाजूने. मालक म्हणजे लखनौच्या कडेची एक छोटी नगरपालिका. तिचं नाव मी घेणार नाही, कारण पेन्शन अजून तिथूनच येते. झाडूवाले, चुंगी म्हणजे जकात नाक्यावरचे बाबू, पाण्याच्या टँकरचे ड्रायव्हर, या सगळ्यांची पालिकेशी भांडणं आणि पालिकेतर्फे मी, कांता तायडे. तोंडाने सगळे 'वकील साहिबा' म्हणायचे. कागदावर माझं पद होतं 'विधी सहायक', ग्रेड क्लार्कची. जन्म-मृत्यू नोंदवणाऱ्या बाबूच्या एक पायरी खाली. मला विधी अधिकारी करा, असा अर्ज मी दर वर्षी द्यायची आणि दर वर्षी उत्तर यायचं की असं पद मंजूर नाही. माझा नुसता संताप व्हायचा. आमचे बाबा, बाबूराव तायडे, आलमबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. ते म्हणायचे, "कांते, कामाले वाघ अन् पगाराले शेळी, असं हाय तुहं."

समोरच्या बाजूला कायम दीनानाथजी. कामगार युनियनचे म्हातारे पुढारी, लखनौच्या जुन्या चौक मोहल्ल्यात राहणारे, तोंडात सदैव पान. माझ्या पहिल्या केसला त्यांनी मला बिनदिक्कत होकार दिला होता. वाटलं असेल, दोन वेण्यांतून कालच बाहेर आलेली मराठी पोरगी, ही काय करणार? ती केस मी जिंकले. दीनानाथजींनी पान थुंकलं आणि हसत म्हणाले, "बिटिया, हमने अपने पाँव पर कुल्हाड़ी मार ली." तरीही त्यानंतर एकदाही त्यांनी माझ्या नावावर हरकत घेतली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आप लड़ती हैं, झूठ नहीं बोलतीं. हमें और क्या चाहिए?" मी कोर्टात त्यांना घाम फोडायची आणि बाहेर आल्यावर ते मला चहा पाजायचे. असं आमचं चाललेलं होतं.

तर ही गोष्ट ब्याऐंशी सालची. पालिकेत तेव्हा निवडून आलेलं मंडळ नव्हतं. सरकारने नेमलेले प्रशासकच सगळे मालक. नवीन आलेले भटनागर साहेब पहाटे उठून गल्ल्या तपासायचे. माणूस लाचखाऊ नव्हता, हेच तर दुखणं. लाचखाऊ माणसाला निदान समजावता येतं.

एका सकाळी ते न सांगता हजेरीच्या चौकीवर जाऊन उभे राहिले आणि स्वतःच नावं पुकारायला लागले. "शिवरानी!" घुंगट घेतलेल्या एका तरण्या बाईने "हाजिर" म्हटलं. रजिस्टरातली शिवरानी तर पन्नाशीची. साहेबांनी विचारलं, "तू शिवरानी?" ती बिचारी खरं बोलली, "नहीं साहब, सास की एवजी हूँ."

एवजी म्हणजे बदली. आमच्या पालिकेत ही रीत कोणी सुरू केली ते कोणालाच ठाऊक नाही. झाडूवाली आजारी पडली, बाळंत झाली, कोणाच्या मयतीला गेली, की घरातलं दुसरं कोणी तिचा झाडू उचलायचं. सफाईच्या जमादाराला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, एवढंच. हजेरी मूळ माणसाच्या नावाने लागायची. गल्ली झाडली जायची आणि जागाही शाबूत राहायची. तिथे जागा रिकामी ठेवणं हेच सगळ्यात मोठं पाप मानायचे. शिवरानी लेकीच्या बाळंतपणाला बाराबंकीला गेली होती, म्हणून सून आली होती. नवीन असं काहीच घडलं नव्हतं.

पण भटनागर साहेबांच्या डोक्यात गेलं. दुसऱ्याच्या नावाने हजेरी? फसवणूक! शिवरानीला तिथल्या तिथे बडतर्फ केलं आणि पालिकेने राहायला दिलेली कोठरी महिन्यात रिकामी करायला सांगितली. ना आरोपपत्र, ना चौकशी, ना तिचं म्हणणं. ती बाराबंकीहून नातू पाहून परत आली तेव्हा तिची नोकरी गेलेली होती.

युनियनने वाद दाखल केला, समेटाची बोलणी फिसकटली आणि प्रकरण लेबर कोर्टात आलं. म्हणजे माझ्या टेबलावर.

एका रविवारी शिवरानी सुनेला घेऊन अलीगंजला आमच्या घरी हजर! बाबांनी दार उघडलं, आत बसवलं आणि चहा टाकायला गेले. मी बाहेर येऊन बघते तर या दोघी खाली जमिनीवर बसलेल्या.

"आधी उठा आणि खुर्चीवर बसा," मी हिंदीत म्हटलं. "आणि तू माझ्याकडे आलीसच कशी? मी समोरच्या पार्टीची वकील आहे. तुझी बाजू मांडायला दीनानाथजी आहेत."

"उन्हीं ने तो कहा, वकील साहिबा को एक बार देख आओ," शिवरानी म्हणाली. मग मुलांची शाळा, अलीगंजची हवा, मटारचे भाव असं काहीबाही बोलत राहिली.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. मग हिंदीत विचारलं, "काय हवंय ते बोल ना."

तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे बुद्धाची तसबीर आणि शेजारी बाबासाहेबांची. "ये वाले हमारे मोहल्ले में भी टँगे हैं," ती हळूच म्हणाली. मग पदराने तोंड पुसलं. "साहिबा, नौकरी जाए तो कोठरी जाए. कोठरी गई तो हम नौ जने कहाँ जाएँगे? आपसे बेईमानी करने को नहीं कहते. बस, हमारे खिलाफ झूठ मत बोलिएगा."

माझं लक्ष सुनेकडे गेलं. कोपऱ्यातलं मराठी मासिक हातात घेऊन ती अक्षरं लावत होती. "शिकलीस?" मी विचारलं. आठवी पास, म्हणाली. माझं डोकंच फिरलं. "आठवी शिकलेल्या पोरीच्या हातात झाडू देतेस? सासूनंतर सून, सुनेनंतर तिची लेक? लाज नाही वाटत?"

शिवरानी मुळीच रागावली नाही. "आप ही बताइए, झाडू छोड़ूँ तो कोठरी कौन देगा?" एवढंच म्हणाली.

तेवढ्यात बाबा कपबशा घेऊन आले, आमच्या नेहमीच्याच, आणि त्यांच्याबरोबर बसून चहा प्याले. त्या गेल्यावर मात्र माझ्याकडे वळले. "माह्या बापानं गावची मेलेली ढोरं ओढली. त्याच्या बापानंबी तेच. मी रेल्वेत आलो म्हणून सुटलो. छप्पन साली रजा काढून नागपूरले गेलो अन् दीक्षा घेऊन आलो. काऊन सांगून राहिलो, समजलं?"

"बाबा, मी पालिकेची वकील आहे."

"व्हय ना. पालिकेचीच राहाय. पण कोणाच्या पोटावर पाय देऊ नको, लेकी."

सोमवारी सकाळीच भटनागर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "साहेब, चौकशी न करता बडतर्फ केलेलं कुठल्याच कोर्टात टिकत नाही. कामावर घ्या आणि हवी तर नीट चौकशी करा."

"चौकशी झालेली आहे," साहेब म्हणाले आणि एक फाईल पुढे सरकवली. मी उघडली. आरोपपत्र, साक्षी, निष्कर्ष, सगळं मागच्या तारखांचं. शाई मात्र ताजी. चौकशी करणारा म्हणून सफाई निरीक्षकाची सही, आणि शेवटी शिवरानीचा अंगठा. कोठरीच्या कागदावर म्हणून तिच्याकडून घेतला असणार. ती कशाला विचारतेय कसला कागद ते.

"हे मी कोर्टात देणार नाही," मी म्हटलं.

"तुम्ही पालिकेच्या नोकर आहात."

"म्हणूनच देणार नाही. पालिकेला खोट्यात पाडायचा पगार मला मिळत नाही. आणि जो मिळतो तो किती, ते तुम्हाला माहीतच आहे."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी फाईल माझ्या हातून ओढून घेतली आणि म्हणाले, "मग ही केस हायकोर्टाचे टंडन साहेब बघतील. तुम्ही टायपिंग बघा." मी म्हटलं, "अवश्य." त्यांना मी लेबर कोर्टाचा तो कायदा सांगितला असता. पण मला टायपिंग बघायला सांगितलं होतं ना! मी टायपिंग बघत बसले.

तारखेच्या दिवशी माझी टँकर ड्रायव्हरची दुसरी एक केस होती, म्हणून मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. शिवरानी भिंतीला टेकून उभी होती. टंडन साहेब आले ते दोन ज्युनिअर आणि कायद्याच्या पुस्तकांची चळत घेऊन. मागे भटनागर साहेब, चेहऱ्यावर केस खिशात असल्याचं तेज.

टंडन साहेब उठून गळा साफ करतात न करतात तोच दीनानाथजी उठले. हात जोडले आणि एखाद्या लग्नाचं आमंत्रण द्यावं तितक्या गोड आवाजात म्हणाले, "हुज़ूर, वकील साहब पर हमें एतराज़ है."

टंडन साहेब हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतो आहोत. त्यांनी एक निवाडा वाचला, मग दुसरा. जजसाहेबांनी शांतपणे दोन्ही ऐकले आणि म्हणाले, "टंडन साहेब, सगळं खरं. पण इथे समोरच्याची संमती लागते, आणि ती नाही. तुम्ही बाहेर बसा." बाहेर जाताना ज्युनिअरच्या हातातलं एक पुस्तक दारात पडलं. याला आमच्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

आता भटनागर साहेब एकटे. जजसाहेबांनी विचारलं, "चौकशी झाली होती?"

"झाली होती, सर," साहेब म्हणाले आणि त्यांचा हात त्या फाईलकडे गेला.

तो कागद एकदा कोर्टात दाखल झाला की मग तो खोटा आहे हे सिद्ध करायचं ओझं शिवरानीवर. अंगठा तिचाच. साक्षीपुरावे, तारखा, वर्षं जातील आणि तोवर कोठरीला पालिकेचं कुलूप लागलेलं असेल. शिवरानीची नजर त्या फाईलवर होती. आत काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं, मला होतं.

मी उठले. "हुजूर, पालिकेतर्फे मी आहे. समोरच्या पक्षाची हरकत नसेल तर."

दीनानाथजींनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. खिशातून पेन काढत म्हणाले, "वकील साहिबा पर हमें कब एतराज़ रहा है?" आणि लिहून दिलं. जजसाहेबांनी साहेबांना विचारलं, "ही तुमची वकील आहे ना?" आता भर कोर्टात माणूस काय म्हणणार? "आहे," म्हणाले. मी पक्षकाराशी बोलायला थोडा वेळ मागितला आणि साहेबांना व्हरांड्यात घेऊन गेले. फाईल आधी काखेत मारली.

"हा काय तमाशा आहे?" साहेब कडाडले.

"तमाशा आता होणार होता. हा कागद तुम्ही दिलात की दीनानाथजी सफाई निरीक्षकाला साक्षीला बोलावतील. तो पहिल्याच प्रश्नाला म्हणेल, 'साहब ने लिखवाया.' मग खोटा पुरावा दिल्याबद्दल जजसाहेब तुम्हाला फौजदारी कोर्टात पाठवतील. शिवरानीची नोकरी जाईल न जाईल, तुमची मात्र नक्की जाईल. मी पालिकेची वकील आहे साहेब, तुमची नाही. पण आज चुकून दोघांनाही वाचवते आहे."

त्यांनी माझ्या काखेतल्या फाईलकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि शिस्त? उद्या सगळेच एवजी ठेवतील."

"ठेवतातच. तुमच्या आधीपासून, माझ्या आधीपासून. त्या दिवशी सकाळी तुम्ही तिची गल्ली पाहिली होती?"

"पाहिली होती."

"कशी होती?"

खोटं बोलायची त्यांना मुळात सवय नव्हती, हे त्यांचं मोठेपण म्हणा की अडचण. "साफ होती," ते म्हणाले.

मग मी तिथेच व्हरांड्यात तडजोडीचा मसुदा लिहिला. शिवरानीला पुन्हा कामावर घ्यायचं, कोठरी तिच्याकडेच राहील. यापुढे पालिकेचा कुठलाही कर्मचारी गैरहजर असला तर त्याच्या घरच्या माणसाने जमादाराला सांगून एवजी करणं ही मान्य रीत समजली जाईल. आणि एक कलम मी माझ्या मनाने घातलं: एवजी केल्यामुळे घरच्या कोणावर तेच काम पुढे करायची सक्ती राहणार नाही, आणि ते नाकारलं म्हणून कोठरीही काढून घेतली जाणार नाही. ते वाचताना दीनानाथजी क्षणभर थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. साहेबांनीही केली. ती बनावट फाईल मी घरी नेऊन बंबात घातली. त्या दिवशी अंघोळीचं पाणी बरं तापलं.

कोर्टाबाहेर शिवरानी माझ्या पाया पडायला वाकली. मी ओरडले, "खबरदार!" ती हसली. तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट आहे, हे मला तेव्हा दिसलं.

आता साहेब हा अपमान गिळतील असं मला वाटलंच नव्हतं. शनिवारी संध्याकाळी शिपाई घरी पत्र घेऊन आला. 'आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे. सोमवारपासून कार्यालयात येऊ नये.' कारण काही नाही.

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "गेली न व नोकरी तुही?"

खरं सांगते, आधी मला वाईटच वाटलं. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसून मी पालिकेची इभ्रत राखली आणि माणूस दोन ओळींत मला रस्ता दाखवतो! डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम हसू आलं. इतकं की बाबा घाबरले.

"बाबा, माझी ग्रेड काय?"

"क्लार्कची. त्याच्याच नावानं तर बोंबलत राहतं तू."

"अहो, मला अधिकारी केलं असतं तर लेबर कोर्टाचं दार मला बंदच होतं. ते कोर्ट अधिकाऱ्यांसाठी नाही. पण मी क्लार्क! म्हणजे कामगार! मलाही चौकशी न करता काढता येत नाही. मी त्याच कोर्टात जाईन, त्याच जजसाहेबांसमोर. आणि टंडन साहेबांना उभं राहायला कोणाची संमती लागेल?"

बाबांनी क्षणभर विचार केला. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "तुहीच ग्रेड कामी आली!" ते म्हणाले आणि मांडीवर थाप मारून हसत सुटले. ज्या ग्रेडचा मी वर्षानुवर्षं उद्धार केला, तिचे पाय धुऊन पाणी प्यावं असं त्या दिवशी वाटलं. मी लगेच उत्तर लिहून काढलं आणि सोमवारी नेहमीसारखी इस्त्रीची साडी नेसून रिक्षाने ऑफिसला निघाले.

फाटकाशीच गर्दी. निम्मी सफाईची माणसं, जमादारासकट. झाडू भिंतीला टेकवून ठेवलेले. मला वाट करून दिली. मी जिना चढून माझ्या खोलीच्या दाराशी आले आणि तिथेच थबकले.

माझ्या खुर्चीवर शिवरानी बसली होती. धुतलेली गुलाबी साडी, डोक्यावरून पदर, पाठ ताठ, दोन्ही हात टेबलावर. एकाही कागदाला तिने हात लावला नव्हता. समोर भटनागर साहेब उभे, तोंड लालबुंद.

"उठो यहाँ से!"

"कैसे उठूँ, साहब?" शिवरानी अदबीने म्हणाली. "एवजी पर हूँ. जगह खाली छोड़ दो तो आप निकाल देते हैं."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. माझं पत्र ज्याने टाइप केलं होतं तो बाबू खिडकीतून बाहेर बघू लागला. तेव्हा मला कळलं की वस्तीत बातमी कोणी पोचवली.

"किसकी इजाज़त से?"

"जमादार को कल ही बता दिया था." जमादाराने जिन्यातून मान हलवली.

साहेबांचं माझ्याकडे लक्ष गेलं. तडजोडीतली कलमं त्यांना पाठ झालेली असणार, कारण ते एकदम सावरले. "एवजी घरच्या माणसाची लागते," ते शिवरानीला म्हणाले, आणि आवाजात पहिल्यांदा धार आली. "तू हिची कोण लागतेस?"

शिवरानीचा चेहरा पडला. ते कलम मीच लिहिलं होतं. तिने खाली पाहिलं, मग मान वर केली. माझ्याकडे नाही, साहेबांकडेच बघत म्हणाली, "बहन लगती हूँ. वकील साहिबा को एतराज़ हो तो कह दें."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आजोबा, त्यांचे वडील, त्यांनी ओढलेली ढोरं, बाबांची रेल्वे, माझी सनद, सगळं त्या दाराशी येऊन उभं राहिलं. मी तिला त्या रविवारी आमच्या खुर्चीवर बस म्हणून दरडावलं होतं. आज ती माझ्यासाठी माझ्या खुर्चीवर बसली होती.

"मुझे कोई एतराज़ नहीं," मी म्हटलं. "बड़ी बहन है."

मी पुढे होऊन माझं उत्तर साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते तिथेच वाचलं, क्लार्क ग्रेडपाशी आल्यावर पुन्हा वाचलं आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. फोनवर ते टंडन साहेबांशी बोलत असल्याचं शिपाई सांगत होता. दुपारच्या आत माझं बडतर्फीचं पत्र मागे घेतल्याची चिठ्ठी आली, तीही दोन ओळींचीच.

मी शिवरानीला म्हटलं, "आता उठ. मी आले."

ती उठली. पदराने खुर्चीची बैठक पुसली, मग टेबलाची कडही पुसून काढली. मी तिचा हात धरला आणि रडले, सगळ्यांसमोर, अगदी नाक ओढत. तिने मला रडू दिलं. मग दाराशी जाऊन झाडू उचलला आणि वळून म्हणाली, "सुबह की हाजिरी लगवा दी है, साहिबा. आप ही के नाम की. रिवाज है."